लॉग फाइल सापडत नाही? फोल्डरं धुंडाळू नका, प्रोसेसला विचारा

साइट उघडली की ५०० एरर येते आणि पडद्यावर कारण काहीच दिसत नाही. सर्व्हरवर लॉग इन करून /व्हार/लॉग उघडावं, तर तिथे ओळखीच्या नावाची फाइल असते, पण तिच्यातली शेवटची नोंद कित्येक दिवसांपूर्वीची. कधी फाइल असते आणि आकार शून्य. कधी मागच्या वेळी जिथे हमखास सापडली होती, तिथे ती आज नसतेच. लिनक्स होस्टिंगवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे पुन्हा पुन्हा येतं, आणि तेही साइट बंद पडलेली असताना, शोधाशोधीला अजिबात वेळ नसतो तेव्हा.

पुन्हा पुन्हा येण्याचं कारण असं की आपण लॉगचं ठिकाण पाठ करतो. ते ठिकाण कुणा एकाच्या हातात नसतं. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार, जसं डेबियन किंवा रेड हॅट) कोणती, वेब सर्व्हर कोणता, पीएचपी कुठल्या पद्धतीने चालतं, कंट्रोल पॅनेल आहे का, ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये काय लिहिलंय, सिस्टिमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेने) सर्व्हिसला कोणती बंधनं घातलीत, या सगळ्यांवर ते ठरतं. यातलं एक बदललं की लॉग हलतो. चालू असलेल्या प्रोसेसने मात्र काय काय उघडून ठेवलंय, कुठे लिहितेय, हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पक्कं माहीत असतं. म्हणून अंदाज बांधण्याऐवजी तिलाच विचारायचं.

कमांड आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच इंग्रजी लहान लिपीत टाइप करायचे. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी विनंती इथवर पोचते का ते बघा

एक पान उघडताना विनंती तीन-चार हातांतून जाते. पुढे एनजिनएक्स, मागे अपाचे किंवा पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी वेगळी सर्व्हिस, पुढे नुसतं एफपीएम), त्यामागे ॲप्लिकेशन, मग डेटाबेस. प्रत्येकाचा लॉग वेगळा. कोणाचा लॉग हवा आहे हे ठरवल्याशिवाय शोध सुरू केला तर बरोबर फाइल उघडूनही तिच्यात काही सापडत नाही.

त्यासाठी ओळखू येईल अशी एक विनंती पाठवा. साइटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून एखादा वेगळा शब्द किंवा आकडा जोडा, उदाहरणार्थ ?शोध=७७७१, आणि 'कर्ल'ने किंवा ब्राउझरमधून ते पान मागवा. मग ॲक्सेस लॉगमध्ये तोच आकडा 'ग्रेप' करा, म्हणजे शोधा. सापडला, तर विनंती या सर्व्हरवर पोचली आणि पुढचा स्टेटस कोडही समोर आला. सगळे ॲक्सेस लॉग पाहूनही सापडला नाही, तर एरर लॉग कितीही चाळलात तरी उपयोग नाही: डोमेन अजून जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवतंय, मध्ये असलेला सीडीएन (साइटच्या साठवलेल्या प्रती वाटणारी सेवा) स्वतःच उत्तर देतोय, किंवा त्या साइटचा लॉग लिहिणंच बंद केलेलं आहे. ही एक तपासणी वगळल्यामुळे लोक तासन्‌तास चुकीच्या मशीनवर शोधत बसतात, म्हणून ती मी कायम पहिली ठेवतो.

कोडवरूनही दिशा मिळते. ५०२ आणि ५०४ आले तर पुढच्या वेब सर्व्हरचा एरर लॉग बघा, कारण तक्रार त्याची असते: मागची सर्व्हिस उचलत नाही किंवा वेळेत उत्तर देत नाही. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये अशा ओळीत 'अपस्ट्रीम' हा शब्द असतो. ५०० आला तर बहुतेक वेळा ॲप्लिकेशनकडे किंवा पीएचपीकडे जायचं असतं. ४०३ असेल तर परवानग्या आणि वेब सर्व्हरचे नियम.

नेहमीची ठिकाणं, झटपट

डेबियन आणि उबुंटूवर अपाचेचे लॉग /व्हार/लॉग/अपाचे२ मध्ये असतात, नावं एरर.लॉग आणि ॲक्सेस.लॉग. रेड हॅट, अल्मा, रॉकी या घराण्यात तेच /व्हार/लॉग/एचटीटीपीडी मध्ये असतात आणि नावात टिंबाऐवजी अंडरस्कोर येतो: एरर_लॉग, ॲक्सेस_लॉग. एनजिनएक्सचं दोन्हीकडे /व्हार/लॉग/एनजिनएक्स. लाइटस्पीड असेल तर /यूएसआर/लोकल/एलएसडब्ल्यूएस/लॉग्ज. प्लेस्कवर प्रत्येक डोमेनचा वेगळा संच /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/व्हीहोस्ट्स/सिस्टिम च्या आत त्या डोमेनच्या नावाने असतो. सीपॅनेलवर डोमेनवार ॲक्सेस लॉग 'डॉमलॉग्ज' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, आणि पीएचपीच्या एरर बऱ्याचदा ज्या फोल्डरमधली फाइल चालली त्याच फोल्डरमध्ये एरर_लॉग नावाने पडतात. म्हणजे एका साइटच्या पोटात अशा दहा फाइली असू शकतात. मुख्य फोल्डरमधली रिकामी असते आणि ॲडमिन फोल्डरमधली भरलेली असते.

डेबियन १२ वर आलेल्यांसाठी एक गोष्ट. तिथे मूळ इन्स्टॉलेशनमध्ये आरसिसलॉग (सिस्टिमचे लॉग फाइलीत लिहिणारा प्रोग्राम) येत नाही, त्यामुळे /व्हार/लॉग/सिसलॉग ही फाइलच दिसत नाही. कोणी काही डिलीट केलेलं नाही. तो मजकूर जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या स्वतःच्या लॉगमध्ये) असतो आणि 'जर्नलसीटीएल'ने वाचायचा.

इथे नसेल तर अंदाज थांबवा आणि कॉन्फिगरेशन वाचा. एनजिनएक्ससाठी:

सुडो एनजिनएक्स -टी

यातला टी कॅपिटल. ही कमांड जोडलेल्या सगळ्या फाइलींसकट संपूर्ण कॉन्फिगरेशन छापते. त्यातून 'लॉग' ग्रेप केला की सगळे पाथ मिळतात. अपाचेसाठी डेबियनवर 'अपाचे२सीटीएल -एस', रेड हॅटवर 'एचटीटीपीडी -एस', एस कॅपिटल. कोणतं डोमेन कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीवर लिहिलंय ते यात दिसतं, आणि मुख्य एरर लॉगचा पाथही. त्या ओळीवर जाऊन त्या साइटचा स्वतःचा 'एररलॉग' आहे का बघा. असेल तर मुख्य लॉगमध्ये त्या साइटची एरर शोधण्यात अर्थ नाही.

एनजिनएक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एरर_लॉग ऑफ' असं कोणी लिहिलेलं आढळलं तर थांबा. ॲक्सेस लॉगसाठी 'ऑफ' म्हणजे बंद. एरर लॉगसाठी मात्र ते फाइलचं नाव समजलं जातं, आणि एनजिनएक्सच्या मूळ फोल्डरमध्ये 'ऑफ' नावाची फाइल तयार होऊन सगळ्या एरर तिच्यात जातात. हरवलेला लॉग अशा फाइलीत शांतपणे वाढत असतो.

प्रोसेसला कसं विचारायचं

आता मुख्य काम. आधी प्रोसेसचा क्रमांक काढा: 'पीग्रेप -ए' आणि पुढे नाव, म्हणजे एनजिनएक्स, अपाचे२, नोड, गनिकॉर्न, जे असेल ते. समजा क्रमांक १२३४ आला. मग:

सुडो एलएस -एल /प्रॉक/१२३४/एफडी

त्या प्रोसेसने या क्षणी उघडलेल्या सगळ्या फाइली बाणासह दिसतात. लॉगचा पूर्ण पाथ यात असेल तर शोध इथेच संपला. नसेल तर १ आणि २ या दोन क्रमांकांकडे नीट बघा. १ म्हणजे प्रोसेसचं साधं आउटपुट, २ म्हणजे तिच्या एरर. ते कुठे जोडलेत यावरून पुढचं सगळं कळतं.

दोन्ही 'सॉकेट'कडे जात असतील आणि सर्व्हिस सिस्टिमडीने सुरू केलेली असेल, तर लॉग जर्नलमध्ये आहे. 'जर्नलसीटीएल -यू' पुढे सर्व्हिसचं नाव द्या, वेळ आखून घ्यायला '--सिन्स' वापरा. 'पाइप'कडे जात असतील तर दुसरी एखादी प्रोसेस तो मजकूर पकडतेय: अपाचेचं 'रोटेटलॉग्ज', डॉकर, पीएम२ किंवा सुपरव्हायझर. आणि /डेव्ह/नल लिहिलेलं असेल, तर मजकूर कुठेच साठत नाही. तो लॉग अस्तित्वातच नाही, आणि पहिलं काम तो सुरू करण्याचं. हे उत्तर मिळालं की निदान नसलेल्या फाइलचा शोध तरी थांबतो.

'एलएसओएफ -पी १२३४' हेही तेच सांगतं, थोडं जास्त वाचनीय रीतीने.

पण काही जण लॉग उघडा ठेवत नाहीत. पीएचपी स्वतःची एरर लिहिताना फाइल उघडतं, ओळ टाकतं आणि लगेच बंद करतं. तुम्ही बघता त्या क्षणी यादीत ती नसते. अशा वेळी खुणेची फाइल वापरा. होम फोल्डरमध्ये 'टच खूण' करून एक रिकामी फाइल तयार करा, ब्राउझरमधून एरर मुद्दाम घडवा आणि मग:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -न्यूअर खूण

खुणेनंतर बदललेल्या सगळ्या फाइली समोर येतात. '-एक्सडेव्ह'मुळे शोध एकाच फाइलसिस्टिमपुरता राहतो आणि /प्रॉक, /सिस यांचा कचरा टळतो. मात्र /व्हार किंवा /होम वेगळ्या पार्टिशनवर असतील तर स्लॅशच्या पुढे त्यांचीही नावं द्या, नाहीतर नेमकी तीच जागा सुटते. ही युक्ती मला सगळ्यांत विश्वासाची वाटते, कारण फाइलचं नाव काय असेल, तिच्या शेवटी 'लॉग' असेल की नाही, याचा काहीही अंदाज बांधावा लागत नाही. फक्त एरर घडवल्यावर लगेच शोधा. गर्दीच्या सर्व्हरवर पाच मिनिटांत यादी फार लांबते.

त्यानेही नाही जमलं तर 'एसट्रेस', म्हणजे प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारी कमांड. पीएचपी-एफपीएमच्या कामगार प्रोसेसला '-पी'ने जोडा, '-ई ट्रेस=ओपनॲट,राइट' द्या, '-एस ३००' द्या म्हणजे ओळी अर्ध्यात तुटणार नाहीत, आणि एरर घडवा. कुठली फाइल उघडायचा प्रयत्न झाला आणि तो का फसला, हे अक्षरशः डोळ्यांसमोर येतं. फसलेल्या प्रयत्नापुढे 'ईॲक्सेस' दिसलं तर परवानगी नाही, 'ईनोएंट' दिसलं तर फोल्डरच नाही. एसट्रेसने प्रोसेस बरीच मंदावते, म्हणून चालत्या साइटवर काही सेकंदच लावा आणि काढा.

पीएचपी: दोन कॉन्फिगरेशन, दोन उत्तरं

टर्मिनलवर 'पीएचपी --आयएनआय' चालवून मिळालेल्या फाइलीत लॉगचा पाथ बघायचा आणि तिथे जायचं, हा सर्रास होणारा प्रकार आहे. ती फाइल टर्मिनलच्या पीएचपीची. साइट चालवणारं एफपीएम वेगळी आयएनआय (सेटिंगची) फाइल वाचतं, आणि एका सर्व्हरवर पीएचपीच्या तीन आवृत्त्या असतील तर तीन वेगळ्या. खरं उत्तर हवं तर साइटच्याच फोल्डरमध्ये 'पीएचपीइन्फो' छापणारी छोटी फाइल ठेवून ती ब्राउझरमधून उघडा आणि 'एरर_लॉग', 'लॉग_एरर्स' या ओळी बघा. दोन रकाने असतात. डावीकडचा, लोकल नावाचा, त्या फोल्डरला लागू होतो. बघून झालं की ती फाइल लगेच काढून टाका. तिच्यात सर्व्हरची सगळी माहिती उघडी पडते.

'एरर_लॉग'समोर काहीच मूल्य नसेल तर पीएचपी आपली एरर वेब सर्व्हरकडे सोपवतं. म्हणून पुष्कळ सर्व्हरवर पीएचपीचा लॉग शोधताना उत्तर एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये, 'पीएचपी मेसेज' या शब्दांनी सुरू होणाऱ्या मजकुरात सापडतं. रेड हॅट घराण्यात मूळ पूल फाइलीतच (एफपीएमच्या सेटिंगच्या फाइलीत) /व्हार/लॉग/पीएचपी-एफपीएम/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-एरर.लॉग असा पाथ लिहिलेला येतो, आणि तो 'ॲडमिन व्हॅल्यू' म्हणून लिहिलेला असल्यामुळे कोडमधून बदलला तरी बदलत नाही. लोक 'आयएनआय_सेट' लिहून पाहतात, फरक पडत नाही, आणि दोष भलत्याच गोष्टीला देतात.

एफपीएमचं आणखी एक. कामगार प्रोसेसने थेट आपल्या एरर आउटपुटवर लिहिलेला मजकूर एफपीएम मूळ सेटिंगमध्ये फेकून देतो. तो हवा असेल तर पूल फाइलीत 'कॅच_वर्कर्स_आउटपुट' 'येस' करून एफपीएम रीलोड करा.

शेअर्ड होस्टिंगवर '.युजर.आयएनआय' (साइटच्या फोल्डरमधली पीएचपीची सेटिंग फाइल) बदलून लगेच निकाल बघू नका. पीएचपी ती फाइल मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद लक्षात ठेवतं. पाच मिनिटं थांबा, मगच बदल लागला नाही असं म्हणा.

ॲप्लिकेशनचा स्वतःचा लॉग

वर्डप्रेसमध्ये 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग' (ही डब्ल्यूपी_ची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये) चालू केल्यावर डब्ल्यूपी-कंटेंट मध्ये डीबग.लॉग तयार होतो. मात्र 'डब्ल्यूपी_डीबग' बंद असेल तर हे सेटिंग विचारातच घेतलं जात नाही, आणि बरेचदा फाइल न बनण्याचं कारण तेवढंच असतं. 'डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले' मात्र बंद ठेवा, म्हणजे एरर वाचकांना दिसणार नाहीत. डीबग.लॉग वेब फोल्डरमध्ये असल्यामुळे पत्ता माहीत असलेला कोणीही ब्राउझरमधून तो वाचू शकतो, आणि तो पत्ता सगळ्यांनाच माहीत आहे. वर्डप्रेस ५.१ पासून त्या सेटिंगमध्ये थेट पाथ देता येतो. वेब फोल्डरच्या बाहेरचा पाथ द्या.

लाराव्हेलचा लॉग स्टोरेज/लॉग्ज मध्ये असतो. रोजचा चॅनेल निवडला असेल तर फाइलच्या नावात तारीख येते आणि मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवसांचे लॉग राहतात, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीची एरर शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. '.ईएनव्ही'मध्ये चॅनेल बदलूनही लॉग जुन्याच जागी जात असेल तर कॉन्फिगरेशन कॅशमध्ये अडकलंय. 'पीएचपी आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर' चालवा. मॅजेंटोमध्ये व्हार/लॉग, सिम्फनीतही व्हार/लॉग. हे साइटच्या फोल्डरमधलं व्हार, सर्व्हरचं नव्हे. ड्रुपलचा नेहमीचा लॉग फाइलीत नसून डेटाबेसमधल्या 'वॉचडॉग' तक्त्यात असतो.

जँगोबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे फसगत फार होते. 'डीबग' बंद केल्यावर, लॉगिंगचं सेटिंग तुम्ही स्वतः लिहिलेलं नसेल, तर ५०० एररचा तपशील कुठल्याही फाइलीत किंवा कन्सोलवर जात नाही. तो सेटिंगमधल्या ॲडमिन्सना ईमेलने पाठवायचा प्रयत्न होतो. ॲडमिन्सची यादी रिकामी असेल तर तो तपशील गेलाच. लाइव्ह साइटवर लॉगिंगमध्ये एक कन्सोल हँडलर लिहून ठेवा; गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) एरर आउटपुटवर लिहितो, सिस्टिमडी ते उचलतं, आणि सगळं जर्नलमध्ये एका जागी मिळतं. गनिकॉर्नचा ॲक्सेस लॉग मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, तो हवा तर '--ॲक्सेस-लॉगफाइल' द्यावं लागतं.

नोड पीएम२ वर चालत असेल तर ज्या युजरने ते सुरू केलं त्याच्या होममध्ये .पीएम२/लॉग्ज बघा. कोणी 'सुडो' लावून सुरू केलं असेल तर रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) होममध्ये. एकच ॲप दोघांनी दोन वेळा सुरू केलं की दोन ठिकाणी दोन अर्धे लॉग तयार होतात. डॉकरसाठी 'डॉकर लॉग्ज' आणि कंटेनरचं नाव. मूळ सेटिंगमध्ये कंटेनरच्या लॉग फाइलला आकाराची मर्यादा नसते, म्हणून डिस्क भरली की तिथेही डोकावा. कंटेनर काढून नवा केला की जुन्याचा लॉगही जातो, हेही ध्यानात असू द्या.

/टीएमपी मधला लॉग रीस्टार्टनंतर गायब होतो

तपासणीसाठी कोडमध्ये /टीएमपी/ॲप.लॉग असं लिहिलं, साइट चालवली, आणि /टीएमपी मध्ये बघितलं तर फाइल नाही. कोड मात्र सांगतो, लिहिलं गेलं. दोन्ही खरं असतं. अपाचेच्या सर्व्हिस फाइलीत 'प्रायव्हेटटीएमपी' चालू असतं, त्यामुळे सिस्टिमडी त्या सर्व्हिसला स्वतंत्र /टीएमपी देतं. खरी फाइल /टीएमपी मध्ये 'सिस्टिमडी-प्रायव्हेट' ने सुरू होणाऱ्या आणि अपाचेचं नाव असलेल्या फोल्डरच्या आतल्या टीएमपी मध्ये असते, आणि ते उघडायला रूट लागतं. सर्व्हिस थांबवली की ते फोल्डर पुसलं जातं. म्हणून अडचण आली की आधी रीस्टार्ट मारायची सवय असेल, तर पुरावा दर वेळी आपल्याच हाताने नाहीसा होतो.

'सिस्टिमसीटीएल शो अपाचे२ -पी प्रायव्हेटटीएमपी' ने ते चालू आहे का कळतं (शेवटच्या शब्दातले पहिला पी आणि टी कॅपिटल). हे सेटिंग सुरक्षेसाठी आहे, बंद करू नका. लॉग दुसरीकडे लिहा.

फाइल आहे, पण लिहिलं जात नाही

वारंवार उद्भवणारं कारण मालकीचं असतं. रूटच्या क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतून) किंवा रूट म्हणून लॉग इन करून ॲपची एखादी कमांड चालवली जाते, ती कमांड त्या दिवसाची लॉग फाइल पहिल्यांदा तयार करते, आणि फाइल रूटच्या मालकीची होते. नंतर वेब सर्व्हरचा युजर तिच्यात लिहायला जातो आणि अडतो. लाराव्हेलमध्ये यानेच वर आणखी एक ५०० येते. 'चोन' करून मालकी बदलली की साइट चालू होते, पण दुसऱ्या दिवशी नवी तारीख, नवी फाइल, पुन्हा तीच गत. लोक परवानग्या ७७७ करून मोकळे होतात. त्याने सर्व्हरवरच्या कोणाही युजरला तिथे लिहिता येतं. इलाज मुळाशी करा: ते क्रॉन वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने चालवा.

परवानग्या ठीक असूनही अडत असेल आणि सर्व्हर रेड हॅट घराण्यातला असेल तर 'गेटएनफोर्स' चालवून एसईलिनक्स (परवानग्यांच्या वरची आणखी एक सुरक्षा यंत्रणा) बघा. 'ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट' ने नाकारलेले प्रयत्न दिसतात. 'सीएचकॉन'ने लेबल बदललं तर ते पुढच्या रीलेबलला पुसलं जातं आणि त्रास परत येतो. 'एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने नियम नोंदवा आणि मग 'रिस्टोअरकॉन' चालवा. एसईलिनक्सच बंद करून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका.

डिस्क भरलेली असेल तरीही लॉग थांबतो. 'डीएफ -एच' बघा, आणि 'डीएफ -आय' सुद्धा, कारण जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेले असू शकतात. ईएक्सटी४ वर मूळ सेटिंगमध्ये पाच टक्के जागा रूटसाठी राखीव असते, त्यामुळे रूट म्हणून तुमची चाचणी यशस्वी होते आणि ॲपचं लिहिणं मात्र फसतं.

मग येतं लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग ठराविक काळाने बाजूला करणारा प्रोग्राम. त्याने जुनी फाइल बाजूला केली, नवी रिकामी तयार केली, पण प्रोसेसला ते कळवलं नाही, तर ती जुन्याच फाइलला धरून लिहीत राहते. पाथ नावाने ठरतो, उघडलेली फाइल नावाने नाही. म्हणून नवी फाइल शून्य बाइटची आणि नोंदी '.१' लावलेल्या फाइलीत. आणि कोणी जुनी फाइल 'आरएम' केली असेल तर नोंदी अशा फाइलीत जातात जिला नावच उरलेलं नाही. डिस्क भरत जाते आणि 'डीयू'ने शोधून जागा कोणी खाल्ली ते कळत नाही. यासाठी:

सुडो एलएसओएफ +एल१

इथला एल कॅपिटल. नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली यात दिसतात, प्रोसेसच्या क्रमांकासह आणि डिस्क्रिप्टरच्या (एफडी फोल्डरमधल्या) क्रमांकासह. त्यातला मजकूर हवा असेल तर रीस्टार्टच्या आधी /प्रॉक/१२३४/एफडी/ पुढे तो क्रमांक लिहून 'सीपी'ने कॉपी काढा. रीस्टार्टनंतर तो कायमचा गेला. एनजिनएक्सला पूर्ण रीस्टार्ट लागत नाही, 'एनजिनएक्स -एस रीओपन' पुरतं. कायमचा इलाज /ईटीसी/लॉगरोटेट.डी मधल्या फाइलीत: 'पोस्टरोटेट'मध्ये ती सूचना आहे का बघा. ज्या ॲपला फाइल पुन्हा उघडता येत नाही त्याच्यासाठी 'कॉपीट्रंकेट' आहे, पण कॉपी आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणातल्या काही ओळी त्यात हरवू शकतात.

जुने लॉग '.जीझेड' झालेले असतात. ते सोडवत बसू नका, 'झेडग्रेप' आणि 'झेडलेस' ते तसेच वाचतात. डेबियनवर अपाचेचे लॉग रोज बदलतात आणि १४ राहतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत बघा.

कुठेच काही नाही, तेव्हा

प्रोसेस मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारली असेल तर तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये एक अक्षरही सापडणार नाही. तिला लिहायला क्षणच मिळालेला नसतो. 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'किल्ड प्रोसेस' शोधा. रोज साधारण एकाच वेळी ५०२ येऊन आपोआप बरं होत असेल, तर मी आधी हेच बघतो.

सर्व्हर रीबूट झाल्यावर जर्नल रिकामं दिसत असेल तर /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आहे का तपासा. ते नसलं की मूळ सेटिंगमध्ये जर्नल /रन मध्ये, म्हणजे मेमरीत राहतं आणि रीबूटला जातं. फोल्डर तयार करून 'जर्नलसीटीएल --फ्लश' केलं की पुढचं टिकतं. आणि एखादी सर्व्हिस एररचा पाऊस पाडत असेल तर मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांत सुमारे १०,००० नोंदींनंतर जर्नल तिच्या पुढच्या नोंदी गाळतं. 'सप्रेस्ड' असा उल्लेख दिसला तर हवी असलेली ओळ गाळलेल्यांत असू शकते.

वेळेचाही घोळ असतो. सर्व्हर यूटीसीवर, तुम्ही स्थानिक वेळेवर, लाराव्हेल मूळ सेटिंगमध्ये यूटीसीवर, एनजिनएक्सचा एरर लॉग सर्व्हरच्या वेळेवर आणि त्यात टाइमझोन लिहिलेलाही नाही. लॉग बरोबर असतो, तुम्ही चुकीच्या तासात शोधत असता. आधी 'डेट' चालवा.

शेअर्ड होस्टिंगवर रूट नसेल तर

तिथे /व्हार/लॉग दिसतच नाही किंवा रिकामं दिसतं, कारण तुमच्या खात्याला सर्व्हरचा फक्त मर्यादित भाग दाखवलेला असतो. जे मिळतं ते होममध्ये: लॉग्ज, ॲक्सेस-लॉग्ज, आणि साइटच्या फोल्डरांमध्ये विखुरलेल्या एरर_लॉग फाइली. होमच्या आत वरची खुणेची युक्ती 'सुडो'शिवाय तशीच चालते. त्याखेरीज आयएनआय फाइलीत 'एरर_लॉग'ला तुमच्या होममधला, पण वेब फोल्डरबाहेरचा पूर्ण पाथ द्या आणि 'लॉग_एरर्स' चालू ठेवा. पीएचपीपुरता प्रश्न यात सुटतो.

वेब सर्व्हरचा एरर लॉग मात्र होस्टिंग कंपनीकडूनच मागावा लागतो. 'साइट चालत नाही, लॉग पाठवा' असं लिहिलं तर उलट प्रश्न येतात आणि दिवस जातो. पूर्ण पत्ता, कुठला कोड आला, मिनिटापर्यंतची वेळ आणि तिचा टाइमझोन, तुमचा आयपी, आणि पत्त्यात जोडलेला तो खुणेचा आकडा एवढं पहिल्याच तिकिटात द्या. त्या आकड्यावरून त्यांना ॲक्सेस लॉगमधली विनंती सापडते, आणि तिच्या वेळेवरून एरर लॉगमधली ओळ.